पॉइंट आण्णांचा निकाल

आण्णा कुठल्याच गोष्टीला नुसतं 'चांगलं' किंवा 'वाईट' म्हणत नसत. मिसळ खाऊन बाहेर आले की म्हणायचे, "सात पॉइंट दोन. गेल्या आठवड्यात सात पॉइंट सहा हुती. कट पातळ केलाय त्यानं." गल्लीतल्या दोन डॉक्टरांपैकी एकाला त्यांनी निदानाचे आठ आणि बोलण्याचे तीन गुण दिले होते, दुसऱ्याला बरोबर उलटे. "आजारी पडला तर पयल्याकडं जावा, बरं वाटाय लागलं की दुसऱ्याकडं," हा त्यांचा सल्ला मी पुढे कित्येक वर्षं पाळला. कुणाच्या लग्नात जेवून आले की मठ्ठ्याला वेगळे आणि जिलबीला वेगळे गुण मिळायचे. उद्यमनगरात त्यांना सगळे पॉइंट आण्णाच म्हणत. त्यांचं खरं आडनाव मला पाचेक वर्षांनी कळलं, तेही एका निमंत्रणपत्रिकेवरून.

मी तेव्हा एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. त्र्याण्णव साल असेल. माझी स्कूटर रोज ठरल्यासारखी एकाच चढावर बंद पडायची आणि मी ती ढकलत घरी न्यायचे. कुणीतरी सांगितलं म्हणून एका शनिवारी आण्णांच्या शेडमध्ये गेले. मुरगूडहून तरुणपणी इथं येऊन स्वतःच्या हातावर उभा राहिलेला हा माणूस, पन्नाशी ओलांडलेला, बनियन आणि खाकी पँट, कानावर बॉलपेन. स्कूटरकडे न बघताच त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमी इंग्रजी शिकवताय न्हवं? मग ही गाडी सोडा हितंच. आन् तवर एवढं वाचून दावा."

त्यांनी पुढे केलेलं पुस्तक ग्रीसनं इतकं माखलेलं होतं की मी ते रुमालात धरलं. एका जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक. मी जन्मभर नाटकं आणि कविता शिकवलेल्या; पहिला परिच्छेद तीनदा वाचूनही मला त्यातलं काही कळेना. आण्णांना मात्र माझ्या तोंडून निघालेल्या दोन शब्दांवरून पुढचं सगळं समजायचं. "थांबा, थांबा. कळलं. आता म्होरं त्यो चुकणार हाय, बगा," असं म्हणून पुस्तक कुठे चुकलंय ते ते मला समजावून द्यायचे. त्या दिवसापासून दर शनिवारी दुपारी मी शेडमध्ये जाऊ लागले. स्कूटरला पुढे तीन वर्षं काहीसुद्धा झालं नाही, तरी जात राहिले. माझे यजमान म्हणायचे की ही कॉलेजात कमी आणि गॅरेजमध्ये जास्त शिकते, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

ते पुस्तक ज्या गाडीचं, ती आण्णांची नव्हती. कोल्हापुरात जुन्या घराण्यातले एक गृहस्थ होते. उमेदीची वर्षं परदेशात काढून येताना त्यांनी तिकडून दोन गाड्या आणल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना नुसतं मालक म्हणायचो. एक गाडी इंग्रजी, हिरवी, बसायची जागा जवळजवळ मागच्या चाकांवर आणि पुढे चांगलं पुरुषभर लांब नाक. दुसरी जर्मन, तांबडी, पाठीला कासवासारखा बाक, इंजिन मागे. तिच्यात पाणी घालायचंच नसतं, ती हवेवर थंड होते, हे ऐकल्यावर आण्णा माझी चेष्टा करताहेत असं मला वाटलं होतं. कंपन्यांची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. एक नाकाडी, दुसरी कासवी. "नाव घिऊन काय हुतंय? नाव कंपनीचं असंल, इंजान आपलं हाय," असं म्हणायचे. मीही इथं नावं लिहीत नाही. जाणकार ओळखतीलच.

नाकाडी आण्णा सांभाळायचे आणि कासवी मल्लाप्पा. मल्लाप्पा हा आण्णांचा भागीदार. सीमेकडच्या लिंगायत घरातला. घरी कानडी, बाहेर मराठी आणि इंजिनाशी बोलताना दोन्ही. आण्णांपेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, तरी दोघांचं अरेतुरे. मला तो पहिल्या दिवसापासून अक्का म्हणू लागला. बोलायला मऊ, अंगानं दांडगा. आण्णा चिडले की तो कपाळावरचं भस्म नीट करत बसायचा आणि ते गप्प झाले की चहा सांगायचा.

दोघांची कामाची तऱ्हा निराळी. आण्णांचं सगळं काम कानावर. नाकाडीला तीन कार्बोरेटर होते. इंजिन चालू करून ते रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे, दुसरं कानाला लावायचे आणि आत जाणाऱ्या हवेचा आवाज ऐकत स्क्रू फिरवायचे. एकदा त्यांनी ती नळी माझ्या कानाला लावली. मला नुसतं सूं सूं ऐकू आलं. "तीन भैनी हायत बाई ह्या. दोघींचा सूर लागला आन् तिसरीचा न्हाय लागला की झालंच घरात भांडाण." मल्लाप्पाचं काम बोटांवर. कासवीत कार्बोरेटर नव्हताच. पेट्रोल एका पंपानं मोजून फवारलं जायचं. मोठ्या शहरांतल्या दोघा-तिघांनी त्या पंपापुढे हात टेकले होते. मल्लाप्पा लहानपणापासून शेतावरच्या ऑइल इंजिनांचे पंप खोलत वाढलेला. त्यानं तो पंप उघडला, बघितला आणि म्हणाला, "यप्पा! ह्यो तर आपल्या ऑइल इंजानाचा चुलतभाऊ." इंजिन चालू असताना तो डोळे मिटून पेट्रोलच्या बारीक नळ्यांवर दोन बोटं ठेवायचा, वैद्यानं नाडी बघावी तशी, आणि कुठल्या सिलिंडरला कमी पडतंय ते सांगायचा.

शेडमध्ये एक जाडजूड वही होती. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे नाकाडी, उजवीकडे कासवी. आण्णांचं अक्षर त्यांनाच लागत नसे, म्हणून मी येऊ लागल्यापासून वही माझ्याकडे आली. नाकाडी: सहा सिलिंडर एका रांगेत उभे, चार लिटरच्या वर इंजिन, पुस्तकात लिहिलेले दोनशे पासष्ट घोडे. कासवी: सहा सिलिंडर समोरासमोर आडवे, सव्वादोन लिटरच्या जरा पुढे, एकशे नव्वद घोडे. त्याखाली ब्रेक, गिअर, कळंब्याच्या तळ्यापर्यंत जाऊन येताना तेल किती तापलं, वळणावर कोण किती सरकली, असलं सगळं. आण्णा सांगायचे, मल्लाप्पा हरकत घ्यायचा, मी लिहायचे.

वजनाचा रकाना बरेच दिवस मोकळा होता. पुस्तकातलं वजन आण्णांना मान्य नव्हतं. मग एका सकाळी दोघांनी दोन्ही गाड्या ऊस वजन करायच्या काट्यावर नेल्या. पुढे-मागे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, मधे या दोन रंगीत बाहुल्या, आणि वही घेऊन मी. काट्यावरच्या माणसानं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "पावणं, ह्यात ऊस कुठं भरलाय?" आण्णा म्हणाले, "रस भरलाय. तू वजान कर." नाकाडी भरली बारा क्विंटल ऐंशी किलो, कासवी दहा क्विंटल नव्वद. आण्णांनी तिथंच बॉलपेननं तळहातावर भागाकार केला. नाकाडीच्या एका घोड्याला ओढायला चार पॉइंट आठ किलो, कासवीच्या एका घोड्याला पाच पॉइंट सात. "झालं, मल्ल्या. मिटलं!" मल्लाप्पा शांतपणे म्हणाला, "कागदावरच्या घोड्यास्नी वजान वढाय लागत न्हाय, आण्णा. रस्त्यावर ये." ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवायला लागले तेव्हा कुठे दोघे काट्यावरून उतरले.

बारा वर्षं हा वाद चालला होता, आणि माझ्या लक्षात आलं होतं की दोघांनाही तो संपवायचा नव्हता. चहा आला की वाद, चहा संपला की काम. एखाद्या दिवशी मल्लाप्पा आला नाही तर आण्णा दोन्ही बाजू स्वतःच मांडायचे आणि कासवीच्या बाजूनंसुद्धा इतकं मुद्देसूद बोलायचे की मी थक्क व्हायचे. "आकडा खोटं बोलत न्हाय, बाई. माणूस बोलतोय," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल. आण्णांची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांना मल्लाप्पा होता आणि नाकाडी होती. कोणाचा नंबर पहिला हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही ते कधी मोजलं नसावं.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात मालकांनी दोघांना बंगल्यावर बोलावलं. वहीवाली म्हणून मलाही. मालक थकले होते. दोन गाड्या आता सांभाळवत नाहीत, एकच ठेवणार, दुसरी मुंबईचे एक शौकीन घ्यायला तयार आहेत, असं त्यांनी सांगितलं. "कुठली द्यायची ते मला ठरवता येत नाही. जी जास्त पळेल ती राहील. तुम्हीच बघा, आणि मला कारणं सांगू नका, आकडा सांगा." बाहेर येऊन दोघे फाटकापाशी थांबले. मग मल्लाप्पा म्हणाला, "बारा वरसं म्हणतोय रस्त्यावर ये, रस्त्यावर ये. आता यायचं, ते एकीला घालवायसाठी."

उजळाईवाडीच्या माळावरची धावपट्टी त्या काळात बहुतेक मोकळीच पडलेली असे. मालकांनी कुठून तरी परवानगी काढली. चारशे मीटर मोजून चुन्यानं दोन रेघा मारल्या. एका गाडीची एकच फेरी, उभ्यातून निघायचं, शेवटची रेघ ओलांडली की वेळ संपली. सुरुवातीच्या रेघेवर मालक खुर्ची टाकून बसले होते. ते तांबडा रुमाल खाली टाकणार. शेवटच्या रेघेवर घड्याळ. घड्याळ मी आमच्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांकडून मागून आणलं होतं, काळ्या आकड्यांचं, गळ्यात अडकवायचं. ते कुणी धरायचं हा नियम आण्णांनीच घातला. "आपल्या पोराचा पेपर आपन तपासायचा न्हाय. माझ्या गाडीला मल्ल्या घड्याळ धरंल, त्याच्या गाडीला मी." मला तो नियम फार आवडला होता. मी वर्गातसुद्धा सांगितला होता.

पहिली फेरी नाकाडीची, चालवायला आण्णा. पट्टीवर चरणारी मेंढरं बाजूला हाकलली, मालकांचा रुमाल पडला आणि ते लांब नाक माझ्या अंगावर येतंय असं वाटेपर्यंत गाडी रेघ ओलांडून गेलीसुद्धा. मल्लाप्पानं घड्याळ दाबलं, स्वतः बघितलं आणि लगेच माझ्यापुढे धरलं. "अक्का, तुमच्या डोळ्यानं बगा. पंधरा पॉइंट आठ. लिवा." मी लिहिलं. आण्णा परत आले, त्यांनी आकडा ऐकला आणि मान हलवली. मल्लाप्पानं घड्याळ त्यांच्या गळ्यात घातलं, कासवीच्या पुढच्या काचेवर भस्माची तीन बोटं ओढली आणि ती घेऊन सुरुवातीच्या रेघेकडे गेला.

रेघेवर आता आम्ही दोघेच होतो. रुमाल पडला. कासवी जागची हलली तीच कुणीतरी मागून फेकल्यासारखी. तिचा तो करवतीसारखा आवाज अजून माझ्या कानात आहे. रेघ ओलांडताना मल्लाप्पा हसत होता. आण्णांनी घड्याळ दाबलं आणि त्यावरच्या आकड्याकडे बघत राहिले. मघाशी मल्लाप्पानं दाखवलं होतं, म्हणून मी सवयीनं वाकून बघितलं. पंधरा, ठिपका, पाच. मग आण्णांचा अंगठा हलला आणि घड्याळावर शून्य आलं. "सोळा पॉइंट एक," आण्णा म्हणाले. "लिवा."

मी लिहिलं.

का लिहिलं याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. तिरकस बघितलं होतं, उन्हात आकडे नीट दिसले नसतील, पुरुषांच्या गाड्यांच्या खेळात आपण कोण बोलणार. खरं कारण असं की आण्णा चारचौघांत खोटे पडलेले मला बघवले नसते. आणि मनातून मलाही नाकाडीच राहायला हवी होती. तिचं पुस्तक मी वाचलं होतं, तिच्यात बसून पन्हाळ्याला गेले होते. एवढ्यावरून मी एका माणसाचं सगळं जाऊ दिलं.

मल्लाप्पा गाडी वळवून आला, उतरला, चेहरा उजळलेला. "किती?" आण्णांनी आकडा सांगितला. तो हसायचा थांबला. त्यानं घड्याळ बघायला मागितलं नाही. पुन्हा एक फेरी घेऊ म्हणाला नाही. आण्णांकडेही बघितलं नाही; गाडीकडे बघितलं. "सोळा? हौदु? खरं?" मग तिच्या टपावर हात ठेवून, "माझंच कायतरी चुकलं बग, आण्णा. तिला न्हाय नाव ठेवायचं. माझंच चुकलं." मालक काठी टेकत, अर्ध्या वाटेपर्यंत येऊन ओरडून विचारत होते, "काय झालं?" आण्णा गळ्यातलं घड्याळ काढत राहिले. मल्लाप्पानंच ओरडून सांगितलं, "नाकाडी, मालक! नाकाडी ठेवा!"

महिन्याभरात कासवीला न्यायला ट्रक आला. आदल्या दिवशी मल्लाप्पा माझ्याकडे आला होता. नव्या मालकासाठी इंग्रजीत चिठ्ठी लिहून हवी होती. थंड असताना लगेच दामटू नका, तेल हे घाला, दुसऱ्या गिअरला घाई करू नका. शेवटी म्हणाला, "लिवा अक्का, पंपाला कुणी हात लावू नका. लावायचाच झाला तर मला बोलवा, मी येतो. इथला पत्ता लिवा." मी सुवाच्य अक्षरात पत्ता लिहिला. ट्रकवर चढवताना त्यानं गाडी कुणाला हाकू दिली नाही. स्वतः फळीवरून वर घेतली, दोरखंड स्वतः आवळले आणि खाली उतरून हात पुसत बसला. आण्णा शेडच्या मागच्या बाजूला काहीतरी शोधत होते. काय शोधत होते कुणास ठाऊक, पण ट्रक जाईपर्यंत त्यांना ते सापडलं नाही. त्या पत्त्यावर मुंबईहून कधीच बोलावणं आलं नाही.

आण्णांवर चिडून मल्लाप्पा निघून गेला असता तर बरं झालं असतं. तो राहिला. त्याच शेडमध्ये, त्याच चहाला. पण त्याचा स्वतःच्या बोटांवरचा विश्वास उडाला. पंपाच्या नळीवर बोटं ठेवायचा आणि म्हणायचा, "आण्णा, तू बग रे. माझ्या हाताचं काय खरं न्हाय." मी गेले की वही मागून घ्यायचा आणि त्या दिवशीच्या पानावर बोट ठेवून विचारायचा, "अक्का, सकाळी हवा दमट हुती का? पंपाचा काटा मी एक घर कमी ठिवला असंन का?" कुठे चुकलं ते तो शोधत होता आणि चूक नव्हतीच, म्हणून सापडत नव्हती. आण्णा हे सगळं ऐकत नाकाडीचं चाक काढायचे आणि परत बसवायचे. वाद बंद झाला. आण्णांच्या बोलण्यातले पॉइंटही हळूहळू गेले. जेवण कसं होतं विचारलं तर "बरं हुतं" म्हणू लागले.

दोन वर्षांनी मल्लाप्पानं भागीदारी सोडली आणि हुपरीच्या रस्त्याला शेतीपंप दुरुस्तीचं लहानसं दुकान टाकलं. "हितं चुकलं तर पाणी जरा उशिरा येतंय, दुसरं काय हुत न्हाय," असं मला म्हणाला. दर रविवारी आण्णा बसनं त्याच्याकडे जाऊ लागले. सोमवारी कधी रस्त्यात भेटले की मी विचारायचे, काय म्हणतो मल्लाप्पा? "बरा हाय. एक सांगायचं हुतं त्याला, ऱ्हायलं." पुढच्या सोमवारी पुन्हा, "ऱ्हायलं." काय राहिलं ते मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी "पुढच्या वेळी सांगा" म्हणायचे आणि कॉलेजला जायचे.

मधल्या काळात मालक वारले. वारसांना गाड्यांची हौस नव्हती. नाकाडी हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं घेतली आणि दारात कुंड्यांच्या मधे उभी केली. लोक तिला टेकून फोटो काढायचे. आण्णा एकदा रबरी नळी खिशात घालून तिथे गेले. इंजिन एकदा चालू करून बघू द्या म्हणाले. रखवालदारानं हसून सांगितलं, चावी कुठाय तेच कुणाला माहीत नाही. जिच्यासाठी त्यांनी तो आकडा सांगितला होता, तिची अशी गत झाली.

पुढे एका रविवारी आण्णा ठरवूनच गेले होते. त्या फेरीला सात वर्षं झाली होती. दुकानात पाऊल टाकतात तोच मल्लाप्पानं त्यांना मिठी मारली. "सापडलं, आण्णा! चूक सापडली बग." दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात टाकताना आपला हात अडखळला होता, अर्धा सेकंद तिथंच गेला, असं त्याला त्या आठवड्यात पक्कं आठवलं होतं. "पंप बरोबरच लावला हुता मी. बोटं बरोबर हुती. गाडी तुझ्यापरीस पुढं हुती, आण्णा, मीच चालवाय घाबरलो. आता बरं वाटाय लागलं." त्यानं आण्णांना जेवायला ठेवून घेतलं, बायकोला शेंगदाण्याची पोळी करायला लावली. आण्णांनी मला हे सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. "त्यो हसाय लागलता, बाई. सात वर्सानं हसाय लागलता. मी काय बोलणार?"

मल्लाप्पा पुढच्या वर्षी गेला. दुकानात पंप उचलताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. आण्णांना निरोप पोचला तोवर त्याला समाधी देऊन झाली होती.

पंधरा दिवसांनी दुपारी आण्णा माझ्या घरी आले. खाकी पँटऐवजी स्वच्छ पायजमा, हातात कापडी पिशवी. मी परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. पाणी प्यायले आणि पिशवीतून वही काढली. धावपट्टीचं पान त्यांनी स्वतःच उघडून माझ्यापुढे ठेवलं. "बाई, ते सोळा पॉइंट एक खोडा. पंधरा पॉइंट पाच लिवा."

मी हातातल्या लाल पेननं जुना आकडा खोडला आणि नवा लिहिला. तारीख घातली. वही बंद करून त्यांना दिली. आण्णांनी ती घेतली नाही. ते माझ्याकडे बघत राहिले.

"तुमी इचारला न्हाईसा," ते म्हणाले. "का म्हणून खोडायचं, ते."

मी लाल पेनला टोपण लावलं.

"तुमी बघितलतासा."

"हो," मी म्हटलं.

त्यांना राग आला असता तर मला सोसला असता. ते नुसते विचार करत राहिले. इंजिन का बंद पडलं याचा करायचे तसा. मग अगदी हळू म्हणाले, "मग तवाच का बोलला न्हाईसा, बाई? माझ्या तोंडातनं गेलतं, मला मागं घ्यायचं हुतं. कुणीतरी हाक मारंल म्हणून मी वाट बगत हुतो. तुमी नुसतं 'आण्णा' म्हटला असता तरी फिरलो असतो की मी."

मी चहा टाकते म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा आण्णा गेले होते, वही टेबलावर होती. त्यानंतर ते दोनदा रस्त्यात दिसले, नमस्कार केला, थांबले नाहीत. वर्षभरात मुरगूडला भावाच्या घरी वारले. मला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

इतकी वर्षं मी मनातल्या मनात आण्णांना माफ करत आले होते. किती मोठ्या मनाची आहे मी, असंही कधी कधी वाटायचं. त्या रेघेवर माझ्याशेजारी एक माणूस हाकेची वाट बघत उभा होता, आणि मला फक्त "आण्णा" एवढंच म्हणायचं होतं.